जिजींचं वाण

बाजारातल्या मोठ्या साडीच्या दुकानात जिजी शिरल्या की मालक गादीवरून अर्धा उठायचा. "पधारो जीजी, बिराजो." जिजी बसायच्या नाहीत. काउंटरमागं उभ्या असलेल्या पोरींकडं बोट करून म्हणायच्या, "पहले ये बैठेंगी."

सकाळी दुकान उघडल्यापासून मिटेपर्यंत त्या पोरींनी उभंच राहायचं, असा तिथला नियम होता. मालक हात जोडायचा, "अब जीजी, गिराक के सामने छोरियाँ बैठी अच्छी नी लगें."

"तो फिर मैं भी खड़ी ही अच्छी."

आणि मग उभ्यानंच साड्या बघणं सुरू. महेश्वरी काढ, चंदेरी काढ, ती वरची काढ, तिच्याखालची काढ. एकेक घडी मोडायला लावायच्या. गुडघे तेव्हाच गेलेले होते त्यांचे. मध्येच काउंटरला टेकायच्या, पण बसायच्या नाहीत. दोन तासांनी एक ब्लाउजपीस घेऊन बाहेर. अशा चार खेपा झाल्यावर मालकानं काउंटरमागं एक लाकडी स्टूल आणून ठेवलं. त्या दिवशी जिजींनी मला समोरच्या दुकानात लस्सी पाजली.

पुढं महिन्याभरानं मी एकटीच तिकडं गेले होते. स्टूल दिसेना म्हणून एका पोरीला विचारलं. ती हसली. "दीदी, वो जीजी वाला स्टूल है. जीजी आती हैं तो निकलता है, जीजी जाती हैं तो अंदर."

हे मी जिजींना सांगितलं नाही. त्यांना न सांगितलेल्या गोष्टींतली ती पहिली.

जिजी आमच्या वॉर्डाच्या पार्षद होत्या. महाराष्ट्रात नगरसेविका म्हणतात ते. माहेर धारचं, सासर देवासचं, दोन्हीकडं आजे-पणजे दरबारात चाकरीला. त्यामुळं बोलणं असं की मला आधी वाटलं या माझी थट्टा करतायत. नणंदेला 'वन्सं', सासऱ्यांना 'मामंजी', आणि नवऱ्याशी 'आपण जेवलात का?' आणि त्याच तोंडानं पुढच्या क्षणी नळवाल्याला, "ए भिया, पानी छोड़ेगा कि मैं आऊँ?"

मी अमळनेरकडची. आठवीत शाळा सुटली. लग्न होऊन देवासला आले तेव्हा मला कशाची भीती वाटत नव्हती ते विचारा. दूधवाल्याशी हिंदीत बोलायची भीती, इंदूरच्या बसमध्ये चुकून बसेन याची भीती, नवरा कामावरून परत आलाच नाही तर काय याची भीती. नवरा साबणाच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून हेल्पर होता. आम्ही आणि एक खोली, तिसरं ओळखीचं माणूस गावात नव्हतं.

माझं नाव समग्र आयडीत घालायचं होतं. मध्य प्रदेशात त्या कुटुंबाच्या नंबराशिवाय पान हलत नाही. नवरा जिजींकडं गेला आणि तसाच परत आला. जिजींनी विचारलं होतं, "काम कोणाचं?"

"बायकोचं."

"मग बायको कुठंय?"

"घरी आहे. घाबरते ती."

"मग घाबरत येऊ दे."

हा त्यांचा कायदाच होता. बाईचं काम घेऊन पुरुष आला की परत. एकदा एक म्हातारा बायकोच्या मृत्यूचा दाखला मागायला आला, तर जिजींच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "तिला पाठवा." मग स्वतःच कपाळाला हात लावून त्याच्याबरोबर नगर निगमात गेल्या, आणि येताना त्याला घरी आणून जेवू घातलं.

मी घाबरतच गेले. माझी मराठी ऐकून जिजी खूश. "अगो, खानदेशची का तू! बैस. आणि हिंदी येत नाही म्हणून रडू नकोस. या गावात कुणालाच कुठलीही एक भाषा धड येत नाही." समग्रचं काम आठवड्यात झालं. पण त्यांनी मला सोडलं नाही. रोज दुपारी जायचं, त्यांना हिंदी पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचा. चुकले की थांबवायच्या, हसायच्या नाहीत. माझ्या मुलीच्या वेळी पाचव्या महिन्यापासून दवाखान्यात त्याच घेऊन गेल्या. आईनं केलं असतं ते सगळं केलं. मी हे उपकार म्हणून लिहीत नाही, उपकार म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. पण दुसरा शब्द मला येत नाही.

त्यांचं राजकारणात येणं ही एक गंमतच होती. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, तेव्हा पक्षाला खरं तर भाऊसाहेब हवे होते, म्हणजे जिजींचे यजमान. बँकेतून निवृत्त, शांत, सगळ्यांशी गोड. पोस्टरवर जिजींचा फोटो रुपयाएवढा आणि भाऊसाहेबांचा ताटाएवढा. इकडं तशी पद्धतच आहे. बाई पार्षद आणि नवरा 'पार्षद पति'. बैठकीला तोच जातो, सही तेवढी घरून घेऊन येतो. पहिल्या बैठकीत जिजींच्या खुर्चीशेजारी भाऊसाहेबांसाठी दुसरी खुर्ची मांडलेली होती. जिजी उभ्याच राहिल्या. "ही कोणासाठी?"

"सर के लिए, जीजी."

"सर कुठल्या वॉर्डातून निवडून आले?"

तेव्हा भाऊसाहेबच पुढं झाले, खुर्ची उचलली आणि स्वतःच बाहेर नेऊन ठेवली. ही गोष्ट ते स्वतःच सांगायचे, जिरावण मसाला भुरभुरलेले पोहे पुढं ठेवत. "त्या दिवशी माझी राजकीय कारकीर्द संपली आणि स्वयंपाकघरातली सुरू झाली."

जिजींच्या तोंडात एकच प्रश्न असायचा. "लिहिलंय का?" इंजिनिअर म्हणाला गटार होईल, "लिहिलंय का?" कारखान्याचा साहेब म्हणाला बायकांसाठी वेगळा संडास बांधू, "लिहिलंय का?" भाऊसाहेब म्हणाले पोहे झाले, तरी "लिहिलंय का?" खातेगावला एकदा महिलांच्या कामाच्या हक्कावर भाषणाला गेल्या, तर मंडपात चारच बायका. जिजींनी चार बायकांसमोर पूर्ण तासभर भाषण केलं आणि शेवटी त्या चौघींची नावं लिहून घेतली. बसमध्ये मला म्हणाल्या, "चार लिहिल्या गेल्या. पुष्कळ झालं."

मुलगी दोन वर्षांची झाली तशी मीही त्याच कारखान्यात पॅकिंगला जाऊ लागले. तिथं आम्ही पंचवीस-तीस जणी. सगळ्या ठेकेदाराच्या. आम्हाला कामाचा कागद नव्हता. काही महिने झाले की 'ब्रेक', म्हणजे घरी बसायचं, आणि परत आलं की रजिस्टरात दुसरंच नाव. म्हणजे कुणीच कधी जुनी होत नाही. मी चार वर्षांत ममता होते, मग संगीता, मग परत ममता. माझ्या शेजारी बसायची ती कमलाबाई, बदनावरकडची, मोठ्यानं हसणारी, ती रजिस्टरात शांती. सुपरवायझर हाक मारायचा "ए शांती", आणि कमलाबाई म्हणायची, "शांती तो गई मायके, कमला हाजिर हे."

जिजींना हे मीच सांगितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "हजेरी त्यांची असेल तर ती खोटी. आपली आपण लिहायची."

पण बायकांना जमवणार कसं? ठेकेदाराची माणसं आमच्या गल्लीतच राहायची. मीटिंगचा वास आला असता तर दुसऱ्या दिवशी गेटच्या बाहेर. जिजींनी तोड काढली. हळदीकुंकू. संक्रांत तोंडावर होतीच. सगळ्या पॅकिंगवाल्यांना बोलावणं गेलं, मराठी, मालवी, सगळ्यांना. विधवांनासुद्धा, त्यावरून शेजारच्या दोघी उठून गेल्या तर जिजींनी त्यांना दारापर्यंत पोचवून परत येऊन दार लावलं. आणि वाण म्हणून प्रत्येकीच्या ओटीत एक वही आणि एक पेन्सिल.

ठेकेदाराला संशय येऊ नये म्हणून वहीवर त्यांनी देवासच्या टेकडीवरच्या देवीचं रंगीत चित्र छापून घेतलं होतं. स्वतःच्या या युक्तीवर इतक्या खूश होत्या की भाऊसाहेबांनाही आधी सांगितलं नव्हतं. वही उघडून दाखवली. "इथं तारीख. इथं लाइन नंबर. इथं शेजारी कोण होती तिचं खरं नाव. रोज. येत नसेल तर पोरांकडून लिहून घ्या. आणि ऐका. बाईची वही बाईशिवाय कुणी उघडायची नाही. नवऱ्यानं नाही, पोरानं नाही, मीसुद्धा नाही."

पुढं भेटल्या की विचारायच्या, "लिहिताय ना?" सगळ्या म्हणायच्या, "हाँ जीजी." जिजींनी कधी कुणाची वही उघडून बघितली नाही. शब्द म्हणजे शब्द.

मी लिहीत होते. मी शाळेतल्यासारखं वहीला तपकिरी कागदाचं कव्हर घातलं होतं, पदराखाली लपवून न्यायला बरं म्हणून. जेवणाच्या सुट्टीत भिंतीकडं तोंड करून दोन ओळी लिहायची. मला ते आवडायला लागलं होतं. आठवीनंतर पहिल्यांदा काहीतरी रोज लिहीत होते.

पावसाळ्यात कमलाबाईचा उजवा हात पाकिटांची तोंडं चिकटवणाऱ्या सीलिंग मशीनमध्ये गेला. तीन बोटं राहिली नाहीत आणि पंजा पुढं वाकडाच बसला. ठेकेदारानं सांगितलं, कमलाबाई नावाची बाई आमच्याकडं कधी कामालाच नव्हती. रजिस्टरात नव्हतीच ती. शांती होती, आणि शांती महिन्यापूर्वीच काम सोडून गेली, असं रजिस्टर म्हणत होतं.

जिजींनी ते काम अंगावर घेतलं ते आयुष्याचं म्हणून घेतलं. त्यांची मागणी एवढीशी होती. कमलाबाई इथं कामाला होती आणि काम करताना तिचा हात गेला, एवढं कारखान्यानं लिहून द्यावं. बाकी सगळं त्यामागून आलं असतं. श्रम विभागाच्या साहेबांपुढं सुनावणी लागली. साहेब माणूस वाईट नव्हता. पण म्हणाला, "जीजी, तोंडी साक्ष आणाल तर ठेकेदारही वीस बायका आणेल, त्या सांगतील आम्ही हिला पाहिलंच नाही. कुछ लिखा हुआ हो तो बताइए."

जिजी चक्क हसल्या. इतकी वर्षं त्या ज्याची वाट बघत होत्या तोच प्रश्न दुसऱ्या कुणीतरी त्यांना विचारला होता. "आहे. लिहिलेलं आहे," म्हणाल्या.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी ठेकेदाराचा माणूस आमच्या खोलीवर आला. चहा घेतला, मुलीला जवळ घेतलं. "भाभीजी, वो माताजी वाली किताब आपके घर भी है क्या?" मी नवऱ्याकडं बघितलं. नवरा म्हणाला, "काय की, बायकांचं काय असतं ते." तो गेल्यावर मी कपबशा विसळल्या. मग नवरा म्हणाला, "मला ऑपरेटर करतायत. कायम." आणि थोड्या वेळानं, "आपलं इथं कोण आहे गं?"

मला म्हणता आलं असतं, जिजी आहेत. मी म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी जिजींनी ऑफिसच्या व्हरांड्यात सगळ्यांच्या वह्या गोळा केल्या. अकरा जणी आल्या होत्या, दहा वह्या जमल्या. त्यांनी त्या न उघडता पिवळ्या कापडात बांधल्या. माझ्याकडं हात केला. "तुझी?"

"देव्हाऱ्यात आहे, जिजी. तशीच. लिहिणं झालंच नाही."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या पिशवीकडं नाही. "असू दे," म्हणाल्या. "दहा आहेत."

आत गेल्यावर गाठोडं साहेबांच्या टेबलावर सोडलं. साहेबांनी पहिली वही उघडली. कोरी. आतल्या पानावर फक्त हळदीकुंकवाची दोन बोटं. दुसरी कोरी. तिसरीत एकशे आठ वेळा 'श्री' लिहिलेलं. चौथी त्या बाईनं पुढच्या हळदीकुंकवाला नणंदेला वाण म्हणून देऊन टाकली होती, ती जिजींनी बोलावलं म्हणून मागून आणलेली, कोरी. ठेकेदाराचा माणूस खुर्चीत मागं रेलला आणि मोजायला लागला, "पाँच... छह..." साहेबांनी त्याला गप्प केलं. पण वह्या तर उघडाव्याच लागल्या. दहाव्या वहीत कुणाच्या तरी पोराचे पाढे होते.

जिजी त्या बायकांकडं वळल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. फक्त विचारलं, "का गं?"

शेवटी एक म्हातारी म्हणाली, "जिजी, त्यावर आई होती. कारखान्यात चपला असतात, साबणाचे, उष्टे हात असतात, बायकांची अडचण असते. आईला तिथं कशी न्यायची?"

दुसरी म्हणाली, "और जीजी, वाण में कोई लिखता है क्या?"

कमलाबाई कोपऱ्यात पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसली होती. ती एकदा माझ्याकडं बघत होती, असं मला वाटलं. मी खाली बघितलं.

जिजींनी दहाच्या दहा वह्या परत एकावर एक रचल्या, कापडात बांधल्या आणि साहेबांना नमस्कार केला. बाहेर येऊन व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या. त्यांना असं वाटेल तिथं बसलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. "चूक माझी," म्हणाल्या. "देवी मीच छापली. वाण म्हणून दिलं, त्यांनी वाण म्हणून ठेवलं. त्यांचं काय चुकलं? कमलाचं मी घालवलं."

कमलाबाईचं प्रकरण पुराव्याअभावी बंद झालं. ती भावाकडं बदनावरला निघून गेली. नवरा ऑपरेटर झाला. मी काम सोडलं.

पुढच्या निवडणुकीत वॉर्डाचं आरक्षण उठलं. पक्षानं तिकीट द्यायला माणूस पाठवला, तो जिजींना ओलांडून भाऊसाहेबांपुढं बसला. भाऊसाहेब म्हणाले, "मला पोहेच बरे जमतात." जिजी अपक्ष उभ्या राहिल्या आणि वाईट हरल्या. मी मत त्यांनाच दिलं. ते कुणाला दिसत नाही म्हणून.

त्यानंतर जिजी 'लिहिलंय का' विचारेनाशा झाल्या. कुणी काही सांगितलं की नुसतं "बरं" म्हणायच्या. बायका यायच्या, तक्रारी सांगायच्या, जिजी ऐकायच्या आणि म्हणायच्या, "दुसऱ्या कुणाला तरी गाठा बाई. मी करायला गेले की बिघडतं." नव्या पार्षदाच्या घरी म्हणे बाईचं काम घेऊन नवराच जातो. पटकन होतं.

मागच्या संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेले होते. त्यांना आता नीट दिसत नाही. माझा हात हातात धरून म्हणाल्या, "मला एकच वाटतं. इतकी वर्षं बायकांसाठी म्हणून केलं, आणि मी बायकांना ओळखलंच नाही गं. एकीनं, एकीनं तरी लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं की युक्ती बरोबर होती."

त्या रविवारी मी बदनावरची बस धरली. वही बरोबर होती. कमलाबाई भावाच्या अंगणात डाव्या हातानं सोयाबीन पाखडत होती. मला बघून तसंच मोठ्यानं हसली. "कई बेन, इत्ती दूर?" मी वही तिच्यापुढं ठेवली, तिचा हात गेला त्या दिवसाचं पान उघडलं. तिला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं. तिनं पाखडणं थांबवलं नाही.

"म्हने मालम थो," ती म्हणाली. म्हणजे, मला माहीत होतं. "तू रोज भींत आड़ी मूंडो करी ने लिखती थी. म्हूँ थारे पास ज तो बैठती थी."

"मग त्या दिवशी साहेबांपुढं बोलली का नाहीस?"

"बोलती तो थारा आदमी की नौकरी जाती. म्हारो हाथ पाछो आतो कई?" मग तिनं सूप खाली ठेवलं. "जीजी ने केयो?"

जिजींना सांगितलंस का, असं. मी नाही म्हटलं.

"मत केजे. वा डोकरी थारे बेटी माने. एक जणी पे तो भरोसो रेवा दे उनके."

सांगू नकोस, म्हातारी तुला लेक मानते, एकीवर तरी विश्वास राहू दे तिचा. परतीच्या बसमध्ये मी हेच धरून बसले होते. धरायला सोयीचं होतं. धारपर्यंत मला ते खरं वाटत होतं. पुढं वाटेना. माझ्यावरचा विश्वास राहावा म्हणून त्यांनी स्वतःवरचा घालवून बसायचं, हे कसं?

तोंडानं सांगायला मी तीनदा गेले. तिन्ही वेळा पोहे खाऊन परत आले. आमच्या इथल्या मराठी मंडळानं यंदा अंकासाठी आठवणी मागवल्यात. मंडळाचा अंक भाऊसाहेब जिजींना पहिल्या पानापासून जाहिरातींपर्यंत वाचून दाखवतात. म्हणून लिहिलं. छापून येईल की नाही माहीत नाही. आलं तर नवऱ्याला काय वाटेल, मुलीला काय वाटेल, तेही माहीत नाही.

भाऊसाहेब, पुढचं गाळू नका.

जिजी, युक्ती बरोबर होती. एकीनं लिहिलं होतं. 'दोन नंबर लाइन. माझ्या उजव्या हाताला कमलाबाई. पावणेबाराला तिचा हात सीलिंगमध्ये गेला. मशीन मी बंद केली.' तुम्ही व्हरांड्यात माझ्यापुढं हात केलात तेव्हा ती वही माझ्या पिशवीत होती.